देवदाराची पहिली फांदी

मित्सुएच्या बोटांना उन्हाळाभर देवदाराच्या चिकाचा वास असायचा. देवळात आम्ही दोघी शेजारी बसायचो. तिने हात जोडले की उदबत्तीच्या आधी तो वास माझ्यापर्यंत यायचा. मला वाटायचं, अमिदा बुद्धापर्यंतही तोच आधी पोचत असणार, आणि त्याला तो नक्की आवडत असणार.

मी रित्सु. माझं टोफूचं दुकान आणि जिन्पाचींचं घर यांच्यामध्ये एकच कुडाची भिंत आहे, आणि कुडाच्या भिंतीला कान फुटायला वेळ लागत नाही. म्हणून त्या घरातलं जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

जिन्पाचींचं सगळं आयुष्य डोंगरावर गेलं. आमच्या गावाला शेत थोडं आणि देवदाराची रानं फार. रोप लावायचं, ते वाढीला लागलं की दर हिवाळ्याच्या तोंडाला खालच्या फांद्या खोडालगत छाटायच्या आणि फक्त शेंड्याकडचा झुपका ठेवायचा. म्हणजे लाकडात गाठ राहत नाही. बिनगाठीचा देवदार घराचा खांब होतो, गाठीचा असला तर मासळीची खोकी. जिन्पाचींनी छाटलेल्या झाडाला काही वर्षांनी हात लावून बघा, फांदी कुठे होती ते बोटाला सापडायचं नाही, असं लाकडाचे व्यापारीसुद्धा म्हणत. ते स्वतः मात्र काही म्हणत नसत. तोंडातून शब्द काढायला त्यांना कोयता लागायचा, असं माझा नवरा गमतीने म्हणायचा.

त्यांचा एकुलता मुलगा सेइगो. तोही त्याच कामातला, पण त्याला थांबून बघायची खोड होती. एका वसंतात दरड कोसळली होती तिथून तो एक देवदार खणून घेऊन आला. गुडघ्याएवढा उंच, खोड मनगटाएवढं, साल म्हाताऱ्या झाडासारखी भेगाळलेली. पण फांद्या म्हणाल तर तीन, त्याही वरच्या अंगाला आणि उजेडाकडच्या एकाच बाजूला. दुसरी बाजू पिसं काढलेल्या कोंबडीसारखी उघडी. खालून तर काहीच नाही. सेइगोला त्याचं बोन्साय करायचं होतं.

जिन्पाची त्या दिवशी हसले. डोंगरावर लाखो देवदार सरळ उभे असताना हा पांगळा घरी कशाला आणलास, म्हणाले. सेइगो कुंडीत माती दाबत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर फांद्या काढल्यात. मी एकदा आणून बघतो."

त्याने झाडाचा शेंडा छाटला. वर जाणारा जोर अडवला की झाड खाली शोधाशोध करतं, उघड्या खोडावर नव्या कोंबांचे डोळे फुटतात. फुटतातच असं नाही, पण देवदार हा उदार जीव आहे. सेइगोने कुंडी घराच्या पूर्वेच्या पडवीत ठेवली आणि रोज सकाळी तो खोडावर नाक टेकवून डोळे शोधायचा. त्याची बायको मित्सुए त्याला चिडवायची, माझ्या तोंडाकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीस म्हणून.

त्या हिवाळ्यात तो गेला. बर्फाने वाकलेलं झाड कापताना बुंधा उभा फाटला आणि मागे उसळला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

दहनानंतर घरच्यांनी लांब काड्यांनी हाडं वेचायची, पायाकडून डोक्याकडे. एक हाड दोघांनी मिळून उचलायचं. मित्सुए आणि जिन्पाची समोरासमोर होते. तिची काडी इतकी थरथरत होती की हाड सुटून ताटलीवर वाजत होतं. जिन्पाचींची काडी सरळ. परत येताना ती मला म्हणाली, "काकू, त्यांचा हात हललासुद्धा नाही." एवढंच. पण ते तिच्या मनात रुतलं ते रुतलंच. सासरा-सून एका छपराखाली राहत होते, ती त्यांना वेळेवर जेवायला घालत होती, ते बर्फ उपसून तिची वाट मोकळी करत होते. पण सेइगोबद्दल ती दोघं एकमेकांशी कधी बोलली नाहीत.

पहिल्या वसंतात ती कुंडी फेकायला निघाली होती. झाड सगळं तांबडं-तपकिरी पडलं होतं, तिला वाटलं हेही गेलं. वाटेत खालच्या गावातल्या ओगाताने तिला आपल्या दुकानाच्या दारात अडवलं. ओगाता म्हणजे न्हावी, आणि त्या भागातला बोन्सायचा जाणकारही तोच. त्याच्या दुकानात माणसापेक्षा झाडांना जास्त उजेड मिळतो. तो म्हणाला, अहो, देवदार थंडीत रंग बदलतो, मरत नाही, बर्फ पाहून माझी बायकोही अशीच तांबडी पडते. मग त्याने कुंडी फिरवली आणि उघड्या बाजूवर बोट ठेवलं. तिथे मोहरीएवढे हिरवे ठिपके होते. सेइगो नाक टेकवून शोधायचा तेच. त्याच्या कापण्यातून ते आले होते, फक्त त्याला दिसले नव्हते.

मित्सुए तिथेच खाली बसली, असं ओगाताने मला नंतर सांगितलं. बराच वेळ उठली नाही. गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून ताटकळत बसलं होतं, पण दोघांपैकी कोणी तिला ऊठ म्हटलं नाही.

मग ती शिकली. विरळ फांद्यांच्या झाडाला घाई चालत नाही, हे ओगाताचं पहिलं सांगणं. आलेले सगळे कोंब आधी राहू द्यायचे, कुठला जोर धरतो ते बघायचं, मग निवडायचं. खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, उघड्या बाजूला एक कोंब होता. त्याला त्याने पहिली फांदी म्हटलं. पहिली फांदी बसली की झाडाला वय येतं, ती नसेल तर बाकीचं सगळं काठीवर बांधलेलं गवत. ती दोन वर्षं मोकळी वाढू द्यायची, हात लावायचा नाही, म्हणजे जाड होईल. मग तांब्याची तार गुंडाळून हळूहळू खाली वाकवायची, कारण तरुण देवदाराच्या फांद्या वर जातात, म्हाताऱ्याच्या बर्फाने झुकलेल्या असतात. आणि पालवीला कात्री लावायची नाही. कात्रीने टोकं जळतात. बोटांच्या चिमटीत धरून एकेक शेंडा खुडायचा, उन्हाळाभर, रोज. "मी न्हावी असून सांगतो," ओगाता म्हणायचा, "कात्री घरी ठेवा."

म्हणून तिच्या बोटांना तो वास.

सहा उन्हाळे गेले. उघडी बाजू भरली. वरच्या जुन्या तीन फांद्यांना तिने आखूड करून मागे घेतलं आणि नव्यांना पुढे येऊ दिलं. पहिली फांदी पेन्सिलीएवढी झाली. तिच्यावर पालवीचे गोल पुंजके बसले, मुठीत मावतील असे, आणि ती जमिनीकडे अशी झुकली होती की बघणाऱ्याला वाटावं, शंभर वर्षांचं बर्फ तिने अंगावर घेतलंय. मी त्या झाडाखाली बसून प्रवचन ऐकू शकेन असं मला वाटायचं, मुंगी झाले तर.

मधल्या काळात जिन्पाची विसरू लागले. आधी छत्री, मग रस्ता, मग सेइगोचं मरण. संध्याकाळ झाली की ते पायरीवर येऊन विचारायचे, सेइगो अजून उतरला नाही का. डॉक्टरांनी सांगितलं, खरं सांगू नका, दर वेळी त्यांना ते नव्याने कळेल. मित्सुए सांगायची, उशीर होईल म्हणालाय. हे सांगताना तिच्या मनात काय व्हायचं ते बुद्धालाच माहीत. तिने कोयते, कुऱ्हाडी कुलपात घातल्या आणि किल्ली गळ्यात बांधली.

तिचा भाऊ कानाझावा शहरात. त्याचं मिठाईचं दुकान चांगलं चालायचं. तो तिला बोलावत होता, आणि यात कुणाचं काही चुकत नव्हतं. ती चौतिशीची. सहा वर्षं सरताना येणारं सातव्या वर्षाचं श्राद्ध झालं की विधवेने वाट बदलली तर आमच्याकडे कोणी नावं ठेवत नाही. जिन्पाचींच्या पुतण्याने त्यांना ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. मित्सुएने ठरवलं. देवळाच्या कार्तिकातल्या उत्सवाच्या आदल्या दिवशी श्राद्ध करायचं, उत्सवात प्रवचनकारांच्या आसनाशेजारी सेइगोचं झाड ठेवायचं, सगळ्या गावाला दाखवायचं, आणि मग झाड मांडीवर घेऊन भावाच्या गाडीत बसायचं. ती मला म्हणाली, "काकू, फोटो बघून बघून सपाट झालाय. हे झाड वाढतं. त्याचं म्हणून वाढणारं माझ्याकडे एवढंच आहे." मी तिला टोफू बांधून दिला आणि आत जाऊन रडले, कारण मला ती जायला नको होती आणि तिने जावं असंही वाटत होतं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी वारा फिरला. पानगळीच्या शेवटचा कोरडा, गार वारा, ज्या वाऱ्याला आमचे डोंगरकरी आपोआप उठून करवतीला धार लावायला बसतात. झाडातला रस खाली उतरलेला असतो, फांद्या छाटायचे दिवस येतात. मित्सुए देवळात फुलं द्यायला गेली होती. जिन्पाचींना जुना कमरपट्टा सापडला. कोयते कुलपात होते, पण पट्ट्याच्या लाकडी म्यानात हातभर लांबीची करवत राहून गेली होती.

मित्सुए आली तेव्हा मी टोफूची बादली घेऊन तिच्या मागेच होते.

पडवीत जिन्पाची मांडी घालून बसले होते, ताठ, कामावरच्यासारखे. कुंडी त्यांच्यापुढे होती. झाडाचा फक्त शेंड्याकडचा झुपका राहिला होता. खाली सगळं गुळगुळीत. साल कुठे सोललेली नाही, खुंट राहिलेला नाही. मी एवढी वर्षं ऐकलं होतं, पण त्यांचं काम इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. काम सुंदर होतं हो. हे लिहिताना हात अडखळतो, पण सुंदर होतं. छाटलेल्या फांद्या त्यांनी एका बाजूला जुळवून ठेवल्या होत्या.

त्यांनी वर पाहिलं, चेहऱ्यावर समाधान. म्हणाले, "फांदी फार खाली होती. गाठ राहिली असती. सेइगोला किती वेळा सांगितलं, खालून सुरुवात कर. आता बघ, याचा खांब होईल."

मित्सुएने पहिली फांदी उचलली. तिच्यावर तार तशीच होती.

"तार कुणी गुंडाळली कोण जाणे," ते म्हणाले. "झाडाला असं बांधतात का?"

ती ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्यांच्यासमोर बसली, फांदी मांडीवर ठेवली आणि हळू म्हणाली, "सेइगो नाही, बाबा. सेइगो गेला. तुम्ही आणि मी त्याची हाडं वेचली. आज त्याचं श्राद्ध आहे."

मी बादली खाली ठेवली. मनात अमिदा बुद्धाचं नाव घेतलं, नामान्दाबु, नामान्दाबु.

जिन्पाचींनी करवत म्यानात घातली. मग विचारलं, "कुठल्या रानात?"

तिने सांगितलं.

"झाड कोण कापत होतं?"

"तोच."

"बर्फाने वाकलेलं?"

"हो."

 ते म्हणाले, "वाकलेल्या झाडाच्या मागे उभं राहायचं नाही. बाजूला राहायचं. मी शिकवलं नव्हतं त्याला?" आणि पुन्हा, "मित्सुए, मी शिकवलं नव्हतं का त्याला?" तिचं नाव त्यांना कित्येक महिन्यांत आठवलं नव्हतं.

मग ते रडले. मी देवळात प्रवचन ऐकून हजारदा रडले आहे, दुसऱ्यांना रडताना पाहिलं आहे, ते रडणं गोड असतं, घरी जाताना अंग हलकं होतं. हे तसं नव्हतं. हे सहा वर्षं खोडात राहिलेलं, सालीखाली कुणाच्या बोटाला न लागलेलं रडणं होतं. ते तसेच ताठ बसून रडत होते, हात गुडघ्यांवर, आणि ते हात हाडं वेचतानाच्या तिच्या काडीसारखे थरथरत होते. मित्सुए त्या हातांकडे बघत होती. तिने त्यांना कवटाळलं वगैरे नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. ती सरकून त्यांच्या शेजारी बसली, त्यांच्याच बाजूला तोंड करून, आणि तिनेही रडायला सुरुवात केली. सेइगोच्या मरणाचं दुःख त्या दिवशी दोघांना एकाच वेळी झालं. त्याआधी ते कधी तसं झालं नव्हतं.

मी बादली तिथेच सोडून मागे फिरले. श्राद्धाला भटजी आले तेव्हा दोघांचे डोळे सुजलेले होते. पुतण्याला वाटलं चुलीचा धूर लागला.

दुसऱ्या दिवशी उत्सव. जिन्पाची सकाळी उठले तेव्हा त्यांना काही आठवत नव्हतं. पेज पिताना त्यांनी विचारलं, सेइगोचा डबा भरला का. मित्सुएने सांगितलं, भरला. हे तिने मला देवळाच्या पायऱ्या चढताना सांगितलं, आणि म्हणाली की पुन्हा ते त्यांना कधी सांगणार नाही, तिच्या हातून ते एकदाच होणार होतं.

देवळात आसनाशेजारी झाडासाठी जागा मोकळी ठेवली होती. भटजींनी तिथे शेवंती ठेवली, कुणी काही विचारलं नाही, गावात सगळ्यांना कळलं होतं. प्रवचनकार समुद्राकडचे होते, वयस्क, आवाज तांब्याच्या भांड्यासारखा. बोलता बोलता त्यांच्या बोलण्याला चाल लागते, केव्हा लागली ते कळत नाही, आणि मग सगळं देऊळ तिच्यावर तरंगायला लागतं. त्यांनी एका आईची गोष्ट लावली. तिचा मुलगा धुक्यात मासेमारीला गेला आणि परत आला नाही, तरी ती रोज किनाऱ्यावर उभी राहून परात वाजवते, आणि त्या आवाजाने दुसऱ्यांची मुलं घरी येतात. जिथे गाणं थांबतं तिथे आम्ही सगळे नामान्दाबु म्हणतो. जिन्पाचींना स्वतःचं घर आठवत नव्हतं, पण ती जागा एकदाही चुकली नाही. मित्सुए तिथे म्हणत नव्हती. ती खांबाला टेकून बसली होती, बाह्यांच्या आत हात मुठी करून. तिला त्या दिवशी गोष्ट नको होती. बुद्ध त्यालाही हरकत घेत नाही, असं मला वाटतं.

ओगाता झाड बघायला आला. खोड चार बाजूंनी फिरवून त्याने पाहिलं, वास घेतला, आणि त्याच्या तोंडून थट्टा निघाली नाही. म्हणाला, मुळं भक्कम आहेत, देवदार आहे, पुन्हा डोळे फुटतील. पाच-सहा वर्षं द्या. मित्सुएने त्याला चहा दिला. मग म्हणाली, "आधीचे कोंब त्याच्या कापण्यातून आले होते. आता येतील ते बाबांच्या कापण्यातून येतील. ते वाईट नाहीत, ओगातासान. पण मला ते खुडता येणार नाहीत." तो चहा संपवून गेला.

भावाला तिने निरोप धाडला, गाडी आणू नकोस, बर्फ वितळल्यावर बघू. मी तिला कारण विचारलं नाही. पुतण्याने विचारलं तर ती म्हणाली, त्यांना मी जेवायला घालते ते आवडतं.

झाड पडवीतच होतं. चार दिवसांनी जिन्पाचींचीच नजर त्याच्यावर गेली. म्हणाले, हे रोप असं ताटलीत कशाला ठेवलंय, याचं पोट भरत नसेल. याला डोंगरावर लावायला हवं, जमीन गोठायच्या आत.  मित्सुएने कुदळ काढली.

आम्ही तिघं गेलो. मला त्यांनी बोलावलं नव्हतं, पण मी दुकानाला फळी लावली आणि निघाले. डोंगराच्या कुशीत जिथे जुनं रान तोडून गेल्या वसंतात नवीन लावणी केली होती तिथे आम्ही पोचलो. सगळी रोपं गुडघ्याएवढी, रांगेत, खाली दरीपर्यंत. चढावर जिन्पाचींचा पाय एकदाही घसरला नाही. एक रोप मेलं होतं ती जागा त्यांनी निवडली. खड्डा त्यांनी खणला. कुंडीतून काढल्यावर मुळं गुंडाळी होऊन बसली होती, ती त्यांनी बोटांनी मोकळी केली, एकेक, केस विंचरावेत तशी. उतार कसाही असो, रोप आभाळाच्या रेषेत उभं करायचं, ते म्हणाले आणि तिच्याकडून धरून घेतलं. मग माती लोटून दोन्ही टाचांनी दाबली.

मित्सुएने कमरेच्या ओबीच्या, त्या रुंद पट्ट्याच्या, घडीतून एक लाल चिंधी काढली. ती खोडाला बांधायला वाकली.

जिन्पाचींनी तिचा हात धरला. रागाने नाही. काम शिकवताना धरतात तसा.

"खूण करू नकोस," ते म्हणाले. "विरळणीला माणसं येतात ती खुणेचं झाड आधी तोडतात."

ती तशीच वाकलेली राहिली. चिंधी वाऱ्यावर हलत होती. मग तिने ती मुठीत गोळा केली आणि परत घडीत सारली.

पहिल्या वळणावर आम्ही मागे वळून पाहिलं. सगळी एका उंचीची, एका रंगाची, थंडीने तांबूस होऊ लागलेली. मला विचाराल तर त्यातलं ते कोणतं, मला तेव्हाच सांगता आलं नसतं. मित्सुए बघत उभी राहिली. तिची नजर एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर जात होती, परत येत होती. मग खाली उतार निसरडा होता म्हणून तिने सासऱ्यांचा हात धरला, आणि आम्ही उतरू लागलो.